नवं खातं आणि पहिला एक रुपया

ॲडमिशन झाल्या की आपल्या हॉस्टेलमध्ये एक सीन हमखास दिसतो. फर्स्ट इयरची मुलगी जिन्यात उभी, एका हातात कोरं पासबुक, कानाला फोन, आणि ती ओरडून सांगतेय, "पाच, शून्य, शून्य... नाही हो पप्पा, दोनदा शून्य!" २०२३ च्या ऑगस्टमध्ये त्या जिन्यात मी होते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादकांनी पोटात घालाव्यात. आकड्यांच्या चुका पोटात घालायला मात्र कुणी बसलेलं नसतं. हा लेख त्याबद्दलच आहे.

आमचं घर देवळ्याला. चाळीतला उन्हाळ कांदा उमराण्याच्या मार्केटला गेला की माझी फी निघते. पूर्वी पट्टी झाली की हातात रोख पैसे यायचे. नोव्हेंबर २०१६ च्या नोटबंदीनंतर चेक आले, नंतर थेट खात्यावर पैसे. त्यामुळे पप्पांच्या खात्यातून माझ्या नव्या खात्यात ६२ हजार यायचे होते, फी आणि मेस डिपॉझिट मिळून. पप्पांनी बँकेचं ॲप मराठीत करून घेतलं होतं. त्यात पहिलीच ओळ: 'लाभार्थी जोडा'. पप्पा म्हणाले, "अगं, आपण कुठल्या योजनेत बसत नाही." मलाही कळेना! इंग्रजीत बेनिफिशियरी वाचल्यावर ट्यूब पेटली. ज्याला पैसे पाठवायचे तो लाभार्थी, एवढंच.

मी खाते नंबर मेसेजमध्ये टाइप करून पाठवला. पप्पांचा स्वभाव संशयी (कांद्याच्या व्यापारात असावाच लागतो). ते म्हणाले, आधी एक रुपया टाकतो. टाकला. त्यांच्याकडे मेसेज आला, पैसे जमा. माझ्याकडे काहीच नाही. अर्धा तास नेटवर्कला शिव्या दिल्या आणि मग पासबुक शेजारी ठेवून बघितलं, तर मी ३८ च्या जागी ८३ लिहिलेलं! रुपया कुणाच्या तरी खात्यात जाऊन बसला होता. तिथे ६२ हजार गेले असते तर?

आता तुम्ही म्हणाल, लाभार्थी म्हणून माझं नाव टाकलं होतं, मग बँकेने अडवलं कसं नाही? माझाही हाच प्रश्न होता. उत्तर असं की रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१० मध्येच सांगून ठेवलंय, ऑनलाइन पैसे जमा करताना फक्त खाते नंबर बघितला जाईल, नाव जुळवलं जाणार नाही. नाव आपण नुसतं आपल्या समाधानासाठी लिहीत होतो. चुकीचा नंबर अस्तित्वातच नसेल तर पैसे परत येतात. असेल, तर ते त्या माणसाचे झाल्यासारखेच. बँक त्याच्या संमतीशिवाय ते परस्पर काढून देत नाही. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७२ प्रमाणे चुकून आलेले पैसे परत करणं त्याच्यावर बंधनकारक आहे, पण कायदा कोर्टात चालतो आणि फीची शेवटची तारीख ऑफिसच्या खिडकीवर असते.

१ एप्रिल २०२५ पासून थोडा दिलासा आहे. एनईएफटी आणि आरटीजीएसने पाठवतानाही नंबर आणि आयएफएससी टाकल्यावर खातेदाराचं खरं नाव दाखवण्याची सोय बँकांनी द्यायची आहे, तीही फुकट. ते नाव घाईत 'ओके' दाबून घालवू नका. आयएफएससीबद्दल एक छोटी गोष्ट: त्यात अकरा अक्षरं असतात आणि पाचवं नेहमी शून्य असतं, इंग्रजी 'ओ' नव्हे. आणि घरचं पासबुक जुनं असेल तर कोड बदललेला असू शकतो. देना बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदात विलीन झाली, तिचे जुने कोड आता चालत नाहीत.

आणखी एक, लाभार्थी जोडल्या जोडल्या मोठी रक्कम जात नाही. बऱ्याच बँका काही तास, कुठे पूर्ण दिवस, मर्यादा ठेवतात. हा त्रास नाही, चोराने तुमचं खातं उघडलंच तर तेवढा वेळ मिळावा म्हणून आहे. तेव्हा फीच्या आदल्या रात्री अकराला घरी फोन करू नका. दोन दिवस आधी खातं जोडा, रुपया टाका, तो पोचला की स्वतः पासबुक किंवा ॲपमध्ये बघा, मग बाकीचे.

आता आधार. इथे माझी रूममेट फसली. नवं खातं उघडताना फॉर्मवरच्या सगळ्या चौकटींत तिने टिकमार्क केले. त्यातली एक होती, सरकारी पैसे या खात्यात घेण्याची संमती. ओळखीसाठी आधार देणं वेगळं आणि थेट लाभासाठी खातं जोडणं वेगळं. पहिलं कितीही खात्यांना चालतं. दुसऱ्यासाठी एका आधारमागे एकच बँक, जी शेवटी जोडली ती. तिची स्कॉलरशिप नव्या खात्यात आली आणि घरचे जुन्या खात्यात महिनाभर शोधत बसले. २०१७ मध्ये तर एअरटेल पेमेंट्स बँकेत लाखो लोकांच्या गॅस सबसिडीचे पैसे असेच नकळत वळले होते, आणि त्या डिसेंबरात आधार प्राधिकरणाने कंपनीची ई-केवायसी काही काळ बंद केली होती. तुमचं आधार सध्या कुठल्या बँकेला जोडलंय ते प्राधिकरणाच्या साइटवर बँक सीडिंग स्टेटसमध्ये दिसतं. महाडीबीटीचा फॉर्म भरण्याआधी बघा.

फसवणुकीबद्दल रोज मेसेज येतात, म्हणून थोडक्यात. पैसे घ्यायला पिन लागत नाही, कधीच नाही. कस्टमर केअरचा नंबर गुगलवरून नको, पासबुकवरून घ्या. आणि कुणी सीनियर म्हणाला, "तुझं नवं खातं महिनाभर वापरायला दे, पाच हजार देतो," तर सरळ नाही म्हणा. चोरीचे पैसे फिरवायला अशीच कोरी खाती लागतात, आणि पोलीस खातेदाराकडे येतात. काही झालंच तर आधी १९३० ला फोन, लगेच बँकेला. जितका उशीर तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकतात.

जाता जाता रेक्टर मॅडमना एक विनंती. मेसच्या खात्याचा नंबर बोर्डवर स्केचपेनने लिहिलाय, त्यातला सातवा आकडा आमच्या फ्लोअरवर निम्म्या जणी १ वाचतात आणि निम्म्या ७. प्लीज प्रिंट काढून लावाल का?