संगणकाचे मांद्य : कारणे व उपाय

दिवाळीच्या वहीपूजनात रोजकीर्द-खतावणीच्या शेजारी संगणकासही कुंकवाचे बोट लावण्याची रीत आता आपल्या अनेक पेढ्यांवर व घरांत पडली आहे. आमच्या घरीही ती आहे. २०१८ सालच्या लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळी आम्ही पाटावर बसलो, यंत्राची कळ दाबली आणि मुहूर्तावर पहिली नोंद करावी म्हणून वाट पाहू लागलो. पडद्यावर ठिपक्यांचे वर्तुळ फिरत राहिले. आरती झाली, प्रसाद वाटून झाला, तरी यंत्र जागे होईना. अखेर पहिली नोंद आम्ही शाईने लाल वहीतच केली. नातू म्हणाला, "आजोबा, हा म्हातारा झालाय, आता नवीन घ्या." साठी उलटलेल्या मनुष्यास हा तर्क फारसा रुचण्याजोगा नव्हता, हे वाचक समजून घेतील. परंतु आमची रुची-अरुची बाजूस ठेवली तरी हे निदान चुकीचे होते. त्या चुकीची जी किंमत आम्हांस पुढे मोजावी लागली, ती इतरांस पडू नये एवढ्यासाठीच हा लेख लिहीत आहोत.

संगणकाचा मेंदू, ज्यास प्रोसेसर म्हणतात, तो बैलासारखा वर्षानुवर्षे ओढून थकत नाही. पहिल्या दिवशी तो सेकंदास जितके ठोके देत असे तितकेच तो दहाव्या वर्षीही देऊ शकतो. मग यंत्र मंद का होते? आपल्या धंद्यातील उदाहरण घेतले तर हे चटकन ध्यानी येईल. प्रोसेसर म्हणजे पेढीवरील मुनीम. ज्या गादीवर वह्या, पावत्या व मालाचे नमुने उघडे पसरलेले असतात ती गादी म्हणजे यंत्राची चालती स्मृती, अर्थात रॅम. आणि ज्या गोदामात पोत्यांच्या थप्प्या लागलेल्या असतात ते गोदाम म्हणजे डिस्क. मुनीम कितीही चलाख असला तरी गादी भरून गेली आणि एकेक चिठ्ठीसाठी हमालास गोदामात धाडावे लागले, तर गिऱ्हाईक ताटकळणारच. यात मुनिमाचे वय वाढल्याचा काहीही संबंध नाही.

प्रथम गादीचा विचार करू. चालत्या स्मृतीत जागा उरली नाही, की संगणक तिच्यातील काही मजकूर उचलून डिस्कवर नेऊन ठेवतो आणि हवा असेल तेव्हा परत आणतो. ही ने-आण वापरणाऱ्यास दिसत नाही. यंत्र अडखळते आहे, एवढेच त्याला जाणवते. ब्राउझरमध्ये वीस-पंचवीस पाने उघडी ठेवण्याची सवय घरोघरी जडली आहे. त्यांतील बहुतेक पाने गादीवरील स्वतंत्र जागा अडवून बसतात. आमच्या यंत्रात चार जीबी स्मृती होती. २०१३ साली घेतले तेव्हा ती भरपूर वाटली होती.

भरपूर होती ती अपुरी कशी झाली, याचे उत्तर यंत्रात नसून प्रोग्रॅममध्ये आहे. विंडोज ९५ या प्रणालीस कमीत कमी चार एमबी स्मृती लागत असे. २०२१ साली आलेल्या विंडोज ११ ला कमीत कमी चार जीबी लागते, म्हणजे सव्वीस वर्षांत सुमारे हजारपट. स्वित्झर्लंडचे संगणकशास्त्रज्ञ निकलाउस विर्थ यांनी १९९५ सालीच एका लेखात दाखवून दिले होते, की यंत्रे ज्या वेगाने जलद होतात त्याहून अधिक वेगाने प्रोग्रॅम जड होत जातात. गाडा तोच राहिला आणि प्रत्येक खेपेस पोती वाढत गेली, असाच हा प्रकार आहे. दर अद्ययावतीकरणाबरोबर, आपण न मागितलेलीही, थोडी भर पडते. अद्ययावतीकरण मात्र बंद करू नये, कारण त्यातच सुरक्षेच्या दुरुस्त्या येतात.

आता गोदामाकडे वळू. आमच्या अनुभवाप्रमाणे खरी मेख येथेच असते. जुन्या संगणकांतील हार्ड डिस्कमध्ये ग्रामोफोनच्या तबकडीसारखी एक किंवा अधिक तबकड्या फिरत असतात, आणि त्यांवरून एक बारीक दांडी सरकत मजकूर वाचते. घरगुती यंत्रातील तबकडी सामान्यतः मिनिटास ७२०० फेरे घेते. म्हणजे सेकंदास १२० फेरे, आणि एका फेऱ्यास सुमारे आठ मिलिसेकंद. हवा असलेला मजकूर दांडीखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे चार मिलिसेकंद लागतात. दांडी योग्य जागी सरकण्यास आणखी आठ-नऊ मिलिसेकंद धरावेत. एकूण झाले बारा-तेरा. याचा अर्थ असा, की विखुरलेल्या जागांवरील मजकूर अशी डिस्क सेकंदाला पाऊणशे-ऐंशी वेळाच आणू शकते. यंत्र सुरू होताना असे सहा हजार तुकडे गोळा करावयाचे असतील तर सव्वा मिनिट तेथेच खर्ची पडले. मजकूर एकसलग असेल तर हीच डिस्क पुष्कळ चपळ असते. परंतु वर्षानुवर्षे फायली लिहिल्या-पुसल्या गेल्याने एकाच फायलीचे तुकडे चार ठिकाणी जाऊन पडतात. एकाच वाणाची तूर गोदामाच्या चार कोपऱ्यांत लागली असता हमालाची जी गत होते, तीच येथे दांडीची होते.

एसएसडी नावाच्या नव्या डिस्कमध्ये तबकडीही नाही आणि दांडीही नाही. तिच्यात मजकूर चिपमध्ये साठवलेला असतो व विजेच्या संकेताने वाचला जातो. त्यामुळे विखुरलेले तुकडे ती सेकंदास हजारोंनी आणते. जुने यंत्र जलद करण्याचा याहून परिणामकारक उपाय आमच्या पाहण्यात नाही. मात्र हार्ड डिस्कवरील तुकडे जुळवण्याची जी जुनी क्रिया आहे, ती एसएसडीवर हाताने करीत बसू नये. तिची गरज तेथे नसते, आणि एसएसडीची जी निगा लागते ती विंडोज स्वतःहून घेते. डिस्क कोणतीही असो, ती काठोकाठ भरू नये. सुमारे पाचवा हिस्सा रिकामा ठेवावा असा आमचा दंडक आहे. ज्या गोदामात पाऊल टाकण्यास वाट नाही, तेथे माल असून नसल्यासारखाच.

यांपैकी आपल्या यंत्रास काय झाले आहे, हे तर्काने ठरवू नये. डोळ्यांनी पाहावे. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या, की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात प्रोसेसर, स्मृती व डिस्क यांवर किती टक्के भार आहे ते आकड्यांत दिसते. स्मृती नव्वद टक्क्यांवर असेल तर गादी अपुरी आहे. काही काम चालू नसतानाही डिस्क शंभर टक्क्यांवर अडून राहत असेल तर दोष गोदामात आहे. काट्यावर घातल्यावाचून आपण पोत्याचे वजन मान्य करीत नाही, मग येथेच अदमासावर का विसंबावे?

त्याच ठिकाणी स्टार्टअप नावाचे एक सदर आहे. यंत्र सुरू होताच न बोलावता उठून बसणाऱ्या प्रोग्रॅमची यादी त्यात असते. आमच्या यंत्रात ते चौदा निघाले. त्यांत तीन वर्षांपूर्वी विकून टाकलेल्या प्रिंटरचाही एक सेवक होता! ज्यांची ओळख पटली व ज्यांची गरज नव्हती ते आम्ही बंद केले. ज्यांची ओळख पटली नाही त्यांना जाणकारास विचारल्याविना हात लावला नाही. हिशोबाचा प्रोग्रॅम तेवढा मंद वाटत असेल तर एकाच कंपनीत किती वर्षांचा हिशोब साठला आहे ते पाहावे. आपल्यातील अनेक जण टॅली वापरतात. तिच्यात वर्षवार हिशोब विभागण्याची सोय आहे. दर दिवाळीस नवी वही घालणाऱ्या समाजास ही कल्पना समजावून सांगण्याची गरज नाही. मात्र विभागणीपूर्वी मूळ हिशोबाची प्रत अवश्य काढावी.

संगणक क्षणात जलद करून देऊ, अशी ग्वाही देणारे जे 'सफाई'चे प्रोग्रॅम पडद्यावर आपण होऊन उगवतात, त्यांपासून मात्र दूरच राहावे. पुष्कळदा तेच एक नवे ओझे होऊन बसतात, आणि काहींच्या पोटी चोर दडलेला असतो. विषाणुरोधक प्रोग्रॅमही दोन ठेवू नयेत. एकाच दारावरील दोन पहारेकरी प्रत्येक गाडी दोनदा तपासतात. २०१२ पासूनच्या विंडोजमध्ये तो मुळातच अंतर्भूत आहे. आणि "तुमचा संगणक मंद झाला आहे, आम्ही मोठ्या कंपनीतून बोलतो" असा दूरध्वनी आला तर तो तात्काळ ठेवून द्यावा. आपले यंत्र मंद आहे की जलद, हे त्या गृहस्थास कळण्याचा कोणताही मार्ग नाही. त्याच्या सांगण्यावरून काही उतरवून घेतले, की आपल्या पडद्याचा व पाठोपाठ बँकेच्या खात्याचा ताबा त्याच्याकडे जातो. घरातील वडील मंडळींस व स्त्रियांस हे विशेष बजावून सांगावे.

धुळीविषयी मात्र आम्हां धान्याच्या व्यापाऱ्यांस अधिकाराने बोलता येईल. उस्मानगंज किंवा महाराजगंज येथील पेढीवर सायंकाळपर्यंत जो धुरळा गादीवर बसतो, तोच संगणकाच्या पंख्यात व त्यामागील धातूच्या पात्यांत जाऊन घट्ट होतो. उष्णता बाहेर पडेनाशी होते. प्रोसेसर साधारण नव्वद ते शंभर अंश सेल्सिअसच्या घरात पोहोचला, की तो जळू नये म्हणून आपला वेग आपणच उतरवतो. हैदराबादेत वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा दुपारी मंद आणि रात्री बरा असे यंत्र दिसले तर संशय धुळीवर घ्यावा. वर्षातून दोनदा वीज तोडून, झाकण उघडून, मऊ कुंचल्याने व हवेच्या हलक्या झोताने धूळ काढावी. पंख्याचे पाते त्या वेळी बोटाने धरून ठेवावे, झोताने गरगरू देऊ नये. लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवून चालवू नये. त्याचे श्वास घेण्याचे छिद्र बहुधा खालच्या बाजूस असते.

आता आमच्या चुकीची हकीकत. त्या दिवाळीनंतर आम्ही एका दुरुस्ती करणाऱ्यास बोलावले. त्याने काही फायली पुसल्या, पैसे घेतले आणि यंत्र जुने आहे, असेच चालायचे, असे सांगून तो गेला. डिस्क तपासून पाहिली नाही. तपासा, असे आम्हीही म्हटले नाही. वस्तुतः डिस्क नासत चालली होती. तबकडीवरील जो भाग नासतो तो वाचण्यासाठी डिस्क पुनःपुन्हा प्रयत्न करीत राहते, आणि त्यातच यंत्र थबकते. आतून अधूनमधून टिकटिक असा आवाज येई, त्याकडेही आम्ही लक्ष दिले नाही. २०१९ च्या चैत्रात एके सकाळी ती कायमची बंद पडली. मांद्य हे तिचे दुखणे होते आणि आम्ही त्यास वार्धक्य समजत होतो.

भरलेली जीएसटी विवरणपत्रे सरकारी पोर्टलवर होती, तेवढी वाचली. उधारीचा अकरा महिन्यांचा हिशोब आमच्या दोन्ही सुनांनी पावत्या व चिठ्ठ्या समोर घेऊन सव्वा महिन्यात पुन्हा लिहून काढला. परंतु कुलपाकजीच्या शेवटच्या यात्रेत काढलेली आमच्या मातोश्रींची छायाचित्रे त्याच डिस्कवर होती. त्यांची दुसरी प्रत कोठेही नव्हती. ती काही लिहून काढता आली नाहीत.

म्हणून आमचे सांगणे असे, की यंत्र मंद होऊ लागले म्हणजे वेगाचा विचार दुसरा करावा. त्याच दिवशी महत्त्वाच्या सर्व फायलींची एक प्रत बाहेरील डिस्कवर व दुसरी घराबाहेर अन्यत्र काढावी. त्यानंतर डिस्कची प्रकृती तपासून घ्यावी. डिस्क स्वतःच्या दोषांची नोंद आत ठेवीत असते आणि ती वाचणारे साधन प्रत्येक दुरुस्तीवाल्याजवळ असते. ते त्याच्याकडून मागून, समोर बसून पाहावे. मग अनावश्यक प्रोग्रॅम, रिकामी जागा व धूळ यांकडे वळावे. एवढ्यानेही भागले नाही तर एसएसडी व अधिक स्मृती घालावी. यांचा खर्च बहुधा नव्या यंत्राच्या किमतीचा लहानसा हिस्सा असतो. अगोदर आपल्या यंत्रात कोणत्या जातीची स्मृती बसते हे लिहून घ्यावे व मगच सिकंदराबादेस चिनॉय ट्रेड सेंटरमध्ये जावे. नुसते "रॅम द्या" म्हणून गेल्यास दोन खेपा होतात.

आमच्या त्याच 'म्हाताऱ्या' यंत्रात २०१९ साली एसएसडी व आणखी चार जीबी स्मृती घातली. पुढच्या वहीपूजनास ते अर्ध्या मिनिटाच्या आत उभे राहिले. नातवाने आपले शब्द मागे घेतले नाहीत, पण २०२० साली शाळा बंद होत्या तेव्हा त्याचे सारे शिक्षण त्याच यंत्रावर झाले.

तथापि प्रत्येक यंत्र जन्मभर वापरता येते असे आम्ही म्हणत नाही. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, आणि विंडोज ११ ला जे प्रोसेसर व सुरक्षेची चिप लागते ती आमच्या यंत्रात नाही. तेव्हा हिशोब व बँकेचे व्यवहार आम्ही दुसऱ्या यंत्रावर नेले. जुन्यावर लिनक्स ही विनामूल्य प्रणाली घातली असून मुलांचे वाचन-लेखन व घरातील स्त्रियांचे स्वाध्यायाचे व्हिडिओ त्यावर सुरळीत चालतात. जे यंत्र खरोखरच काढून टाकावयाचे असेल ते नोंदणीकृत ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावे, भंगारवाल्याच्या गाडीवर नव्हे. आणि देण्यापूर्वी डिस्क बाहेर काढून घ्यावी. फायली पुसल्या, किंवा झटपट फॉरमॅट केले, तरी त्यांतील मजकूर पुष्कळदा परत काढता येतो. तीत आपल्या गिऱ्हाइकांचे खाते-क्रमांक, उधाऱ्या व घरच्यांचे फोटो असतात. आमची नासलेली डिस्क अद्याप आमच्या तिजोरीत आहे.