जखमी प्राणी सापडला : खर्च किती, कोणाचा?

केळीच्या बागेत पिल्लं निघाली, विहिरीत तरस पडलं, नायलॉन मांजात घार अडकली, की कोणाला बोलवायचं यावर गावभर चर्चा होते. पैसे कोण देणार, हे मात्र कोणी उघड विचारत नाही, मनात असतंच. म्हणून त्याचंच उत्तर आधी. प्राणी ज्याला सापडला, त्याने एक रुपयाही द्यायचा नसतो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे वन्यप्राणी ही सरकारची मालमत्ता आहे आणि त्याला हलवणं, उपचार करणं हे वनखात्याचं काम आहे. खात्याची हेल्पलाइन १९२६, टोल फ्री. जळगाव जिल्ह्यात जळगाव आणि यावल असे दोन वनविभाग आहेत, धुळ्याचा वेगळा. आपलं शिवार कोणत्या परिक्षेत्रात येतं हे आजच विचारा आणि वनरक्षकाचा नंबर घेऊन ठेवा. रात्री अकराला तो शोधत बसणं जमत नाही.

सर्पमित्र आला तर पेट्रोलपुरते शे-दोनशे खुशीने द्यावेत, त्यात वावगं काही नाही. पण साप हातात धरून भाव सांगणाऱ्याला देऊ नयेत आणि त्याची खबर वनखात्याला जरूर द्यावी.

खर्च सुरू होतो तो प्राणी घरी ठेवला की. हरणाचं पाडस 'दोन दिवस सांभाळू' म्हणून गोठ्यात बांधलं, पोपटाचं पिल्लू पिंजऱ्यात घातलं, तर ४८ तासांच्या आत पोलीस ठाण्यात किंवा वनाधिकाऱ्याला कळवणं बंधनकारक आहे; न कळवता ठेवणं हा गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, सर्वसाधारण गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी असेल, जसं बिबट्या किंवा मोर, तर किमान तीन वर्षं कैद आणि किमान २५,००० रुपये दंड. हौस बरीच महाग पडते.

आता सगळ्यात मोठ्या बचतीचा मुद्दा. ऊसतोडीत किंवा केळीच्या बागेत पिल्लं दिसली की 'बिबट्याची पिल्लं' म्हणून आरोळी उठते. पुष्कळदा ती रानमांजराची असतात. नीट पाहा, पण लांबूनच. बिबट्याच्या पिल्लाच्या अंगावर दाट काळे ठिपके असतात आणि शेपूट लांब असते. रानमांजराच्या पिल्लाच्या अंगावर फारतर पुसट पट्टे असतात आणि शेपूट आखूड असते. दोन्हींना नियम एकच: उचलू नका. आई जवळपास असते, माणसं हटली की येते. जुन्नर भागात वनखातं आणि माणिकडोह बिबट निवारा केंद्र चालवणारी 'वाइल्डलाइफ एसओएस' ही संस्था अशी पिल्लं तपासून संध्याकाळी त्याच जागी खोक्यात ठेवतात, कॅमेरा लावतात, आणि आई त्यांना उचलून नेते.

याचा हिशेब शेतकऱ्याने मांडून पाहावा. पिल्लं दिसली तेवढा पट्टा एक दिवस तसाच सोडला तर चार मजुरांचा रोज बुडतो, दीड-दोन हजार रुपये. उलट, आईपासून तुटलेलं बिबट्याचं पिल्लू बहुधा जन्मभर पिंजऱ्यात राहतं. मोठ्या बिबट्याला दिवसाला साधारण तीन किलो मांस लागतं. किलोला २०० रुपये धरले आणि आठवड्यातून एक उपास वगळला, तरी नुसत्या खाण्याचे वर्षाला पावणेदोन-दोन लाख होतात. बंदिवासातला बिबट्या पंधरा-वीस वर्षं जगतो. औषधं, पिंजरा, माणसं यात धरलेलीच नाहीत.

जखमी प्राण्याचं वेगळं. पक्ष्यासाठी किराणा दुकानातलं पुठ्ठ्याचं खोकं (फुकट), त्याला भोकं आणि आत जुना टॉवेल, एवढं पुरतं. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. मे महिन्यातल्या ४४-४५ अंशांत पक्षी धापा टाकत पडले तर सावली आणि जवळ पाण्याची उथळ थाळी बस. पाडसाला बाटलीने गाईचं दूध पाजणं हाही असाच घातक लाड. कोल्हा किंवा मुंगूस चावलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि सरकारी दवाखाना गाठा; रेबीजची लस तिथे मोफत मिळते. बाहेर एका डोसचे तीन-चारशे जातात आणि चार-पाच डोस लागतात.

विहिरीत पडलेल्या बिबट्यासाठी गावातलीच खाट उलटी करून दोराने सोडतात, म्हणजे पिंजरा येईपर्यंत त्याला टेकायला आधार मिळतो. तिथे पैशापेक्षा गर्दी आवरणारी दहा माणसं मोलाची. विहिरीला कठडा नसेल तर जाळीचं कुंपण मजुरीसह साधारण पंधरा ते पंचवीस हजारांत होतं. ग्रामपंचायतीत विषय काढण्याजोगा आहे.

गावाने हात सैल सोडावा तो वाहतुकीसाठी. हाड मोडलेल्या प्राण्याला मोठ्या उपचारांसाठी नाशिक, पुणे किंवा नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्राला न्यावं लागतं. जळगावहून नाशिकला जाऊन-येऊन जवळपास ५०० किलोमीटर. पिकअपला ४५ लिटरच्या आसपास डिझेल, म्हणजे चार हजार, टोल वेगळा. धुळ्याहून पावणेतीन हजारांत भागतं. खात्याची गाडी निघेपर्यंत कधी दिवस जातो, तेवढ्यात प्राणी दगावू शकतो. चार शेतकऱ्यांनी मिळून डिझेल भरलं आणि वनखात्याच्या परवानगीने माणसासह गाडी दिली, तर ती मदत थेट कामी येते.

संस्थेला देणगी देणार असाल तर आधी वनखात्याशी तिचा लेखी करार किंवा परवानगी आहे का, ते विचारा. करसवलत हवी तर २,००० रुपयांवर रोख देऊ नका. नव्या करप्रणालीत ही सवलत मुळातच नाही. प्राण्याला मांडीवर घेऊन व्हिडिओ टाकणाऱ्या संस्थेला पैसे देऊ नका.