उपाशीपोटीचे इन्सुलिन : भाकरी कमी केलेल्या सभासदांसाठी



गेल्या काही वर्षांत आपल्या भागातल्या पुष्कळ घरांत भात-भाकरी कमी करायची, दोनच वेळा जेवायचे, साखर-गूळ बंद, असा प्रयोग चालू आहे. त्याच्या जोडीला रक्त तपासून घेण्याची पद्धतही आली. कुपवाड, सांगली, मिरज या पट्ट्यात खाजगी लॅबना तोटा नाही. डॉक्टरांची चिठ्ठी नसली तरी पैसे मोजले की तपासणी होते. संध्याकाळी मोबाईलवर कागद येतो, एका आकड्यापुढे बाण काढलेला असतो, आणि मग घरात चर्चा सुरू होते. कोणी म्हणतं साखर वाढली, कोणी म्हणतं पथ्य बाधलं. हा कागद कसा वाचावा, आणि मुळात रक्त केव्हा व कसे द्यावे, एवढाच या लेखाचा विषय आहे. आम्ही डॉक्टर नव्हे. डॉक्टरांपुढे बसल्यावर चार प्रश्न नीट विचारता यावेत, इतकीच आमची धडपड.

साखर कारखान्याच्या पत्रिकेने साखर कमी खा म्हणावे हे काहींना खटकेल. पण ऊस आपण पिकवतो तो विकण्यासाठी. सवलतीची साखर सगळी आपल्याच घरात खपली पाहिजे असे पोटनियमांत कुठेही लिहिलेले नाही.

आता मूळ मुद्दा. विहिरीवरची मोटर घ्या. पाणी रोजच्याइतकेच पडते आहे, पण आतली बेअरिंग घासू लागली आहे. पाण्याकडे बघून काही कळणार नाही. ॲम्पियरचा काटा बघितला तर मोटर जास्त करंट ओढते हे दिसते. शरीरात इन्सुलिनचे तसेच आहे. जेवणातून आलेली साखर पेशींत घालण्याचे काम इन्सुलिन करते. पेशी त्याला दाद देईनाशा झाल्या की स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडते आणि रक्तातली साखर काही वर्षे ठीक राखते. यालाच इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतात. नुसती साखर तपासली तर कागद स्वच्छ निघतो, कारण आपण पाणी मोजतो, करंट मोजत नाही.

हा करंट मोजण्याची सोय तशी अलीकडची. इन्सुलिनचा शोध टोरांटोला १९२१ साली लागला, पण रक्तातले अत्यल्प इन्सुलिन मोजण्याची रीत रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९६० च्या सुमारास बसवली. त्या कामाबद्दल यालोबाईंना १९७७ चे नोबेल मिळाले. बर्सन तोवर वारले होते. पुढे १९८५ साली ऑक्सफर्डच्या मंडळींनी उपाशीपोटीची साखर आणि उपाशीपोटीचे इन्सुलिन यांवरून एक अंदाज काढायचे सूत्र दिले, त्याला होमा म्हणतात. सूत्र सोपे आहे. साखर मिलिग्रॅममध्ये, इन्सुलिन मायक्रो-युनिटमध्ये, दोहोंचा गुणाकार करा आणि ४०५ ने भागा.

आपल्या महाराष्ट्रात ‘फास्टिंग इन्सुलिन’ हा शब्द गावोगाव पोचला तो डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या आहार पद्धतीमुळे. कै. डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेला विचार त्यांनी पुढे नेला. दिवसातून दोनदाच, आणि पंचावन्न मिनिटांच्या आत जेवण, ही त्याची मुख्य अट. सुरुवातीला आणि तीन महिन्यांनी उपाशीपोटीचे इन्सुलिन व एचबीए१सी तपासा, असे ते सांगतात. त्या पद्धतीत जोर आहे तो कमी वेळा खाण्यावर. पिष्ट म्हणजे भात, भाकरी, चपाती, साखर कमी करणे ही गोष्ट थोडी वेगळी. पुष्कळजण दोन्ही एकत्र करतात आणि आम्ही एकच काहीतरी करतो असे समजतात. लॅबच्या आकड्यांवर मात्र दोहोंचा परिणाम वेगवेगळा होतो.

“आमचं वजन कुठं जास्त आहे?” असे विचारणारे सभासद बरेच. त्यांच्यासाठी पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे उदाहरण सांगण्यासारखे आहे. त्यांचा आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, निर्देशांक २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून याज्ञिक यांनी जो अभ्यास केला त्यात जन्मलेली बाळे सरासरी २.७ किलोच्या आसपासची, लहानखुरी होती, पण स्नायू कमी असून चरबी मात्र त्या मानाने राखलेली आढळली. म्हणजे काटक दिसणाऱ्या शेतकऱ्यालाही आतून हा त्रास असू शकतो. वजनकाट्यापेक्षा टेप बरी. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या वर आणि बाईची ८० च्या वर गेली तर तपासणीला कारण आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात मधुमेही दहा कोटींवर, आणि उंबरठ्यावर उभे असलेले तेरा कोटींहून जास्त.

कमी पिष्ट म्हणजे किती, हेही एकदा बघू. दिवसाला १३० ग्रॅमच्या खाली आले तर त्याला साधारण कमी म्हणतात, ५० च्या खाली अतिकमी. ज्वारीच्या पिठात सत्तर टक्क्यांच्या आसपास पिष्ट असते. साठ-पासष्ट ग्रॅम पिठाची एक भाकरी धरली तर एका भाकरीत ४५ ग्रॅम. तीन भाकरीत १३५. म्हणजे गहू सोडून शाळूवर आलो, आता आपण कमी खातो, हा समज हिशोबात टिकत नाही. भडंगाची वाटी आणि तासगावचा बेदाणा याच खात्यात मांडायचे. गूळ हा साखरेचाच भाऊ, त्याला सूट नाही. चहाचे तर बोलूच नये. दोन चमच्यांचे सहा कप झाले की पन्नास-साठ ग्रॅम साखर नुसत्या चहातून जाते, आणि पाहुण्यांच्या घरचा चहा कोणी मोजत नाही.

आता कागदाकडे वळू. खाली घेतलेले आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, कोणा सभासदाचे नाहीत.

समजा पथ्य सुरू करण्याआधी उपाशीपोटी साखर ९८ आणि इन्सुलिन १८ आले. गुणाकार १७६४, भागिले ४०५, उत्तर ४.३६. साखर शंभराच्या आत, म्हणून लॅबच्या कागदावर बाण नाही. इन्सुलिनलाही बाण नाही, कारण पुष्कळ लॅब २५ पर्यंत सगळे ठीक धरतात. पण होमाचे उत्तर साधारण अडीचच्या पुढे गेले की मोटर जास्त करंट ओढते असे समजतात. तीन महिन्यांनी साखर ९६ आणि इन्सुलिन ८ आले तर उत्तर १.९०. साखर दोनच अंकांनी उतरली, पण बेअरिंगला तेल मिळाले. ही तपासणी उपयोगाची ठरते ती इथे.

दुसरा माणूस घ्या. याने भाकरी जवळजवळ सोडली आहे. अंडी, मटण, मटकी, पनीर, शेंगदाणे, ताक यावर आहे. वजन उतरले, आणि सकाळची साखर निघाली १०६. घरचे घाबरले. शंभर ते १२५ हा मधुमेहाच्या आधीचा टप्पा, हे खरेच आहे. पण पिष्ट फार कमी खाणाऱ्याचे स्नायू चरबीवर चालायला शिकतात आणि साखर मेंदूसाठी राखून ठेवतात. पहाटे यकृत थोडी साखर सोडते, ती रक्तात रेंगाळते. अशा वेळी इन्सुलिन ५ असेल तर होमा १.३१ निघतो, आणि एचबीए१सी ५.७ च्या खाली असेल तर घाबरण्याचे कारण उरत नाही. साखर १२६ किंवा त्याहून वर दोनदा आली तर मात्र हे स्पष्टीकरण लावत बसू नये. तो मधुमेह समजून सरळ डॉक्टरांकडे जावे.

तिसऱ्या माणसाचा कागद सर्वांत फसवा. साखर १९०, इन्सुलिन ५. होमा २.३५, म्हणजे अडीचच्या आत. इन्सुलिन कमी आले म्हणून हा खूष. वास्तविक याचे स्वादुपिंड थकले आहे, मोटर करंट ओढत नाही कारण ती बंद पडत चालली आहे. साखर चढलेली असताना इन्सुलिन कमी दिसणे ही आनंदाची बातमी नव्हे. मधुमेहाचे निदान साखरेवर आणि एचबीए१सीवर (६.५ किंवा जास्त) होते, त्याला इन्सुलिनची तपासणी लागत नाही. तसेच जे इन्सुलिनची इंजेक्शने घेतात त्यांना होमा लागू पडत नाही. त्यांना डॉक्टर सी-पेप्टाइड नावाची वेगळी तपासणी सांगतात.

भाकरी सोडलेल्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर बघण्याची जी तपासणी आहे, ती पथ्य चालू असताना करू नये. शरीराची एकदम एवढी साखर पचविण्याची सवय मोडलेली असते, त्यामुळे आकडा खोटाच वर जातो. आधी निदान तीन दिवस, दिवसाला १५० ग्रॅम पिष्ट खाऊन मग ही तपासणी करायची, अशी रीत आहे. लॅबवाले हे विचारतीलच असे नाही, आपणच सांगावे.

रक्त देण्याची रीत आपल्या सभासदांना समजावणे सोपे आहे, कारण रसाचा नमुना काय चीज आहे हे आपल्याला ठाऊक आहे. गाळलेला रस उन्हात ठेवला की त्यातली साखर घटते आणि पोल खाली येतो. रक्ताचेही तसेच. काढलेले रक्त नुसते ठेवले तर त्यातल्या पेशी साखर खात बसतात, तासाला पाच-सात टक्के साखर कमी होते. म्हणून साखरेसाठी राखाडी झाकणाची, फ्लोराइड घातलेली नळी वापरतात. एचबीए१सीला जांभळ्या झाकणाची. इन्सुलिनचे रक्त वेगळ्या नळीत घेऊन लवकर फिरवून पाणी वेगळे काढावे लागते. रक्त काढताना पेशी फुटल्या तर इन्सुलिन खोटेच कमी येते. घरी येऊन रक्त नेणारा मुलगा मोटरसायकलच्या डिकीत नळ्या घालून आणखी चार गावे फिरणार असेल, तर त्या कागदावर किती भरवसा ठेवायचा ते आपण ठरवावे. आमच्या मते इन्सुलिनसाठी लॅबमध्ये जाऊनच रक्त द्यावे.

पोट दहा ते बारा तास रिकामे असावे. पाणी चालेल, बिनसाखरेचा चहासुद्धा नको, तंबाखू-मावाही नको. दोनदाच जेवणारे काहीजण संध्याकाळी सहाला जेवून दुसऱ्या दिवशी अकराला लॅबमध्ये उभे राहतात. सतरा तासांचा उपास झाला की तुलना बिघडते. एमआयडीसीत रात्रपाळी करून परस्पर रक्त द्यायला जाऊ नये. झोप नसली की इन्सुलिनचे काम मंदावते आणि आकडे वर जातात. ताप असताना, किंवा गुडघ्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन घेतले असेल तर काही आठवडे थांबावे. केस-नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांनी लॅबला सांगावे, काही यंत्रे त्याने फसतात. घरात कोणी पांडुरोगी असेल, विशेषतः बायकांत लोह कमी असते, तर एचबीए१सी वर दिसू शकते. हिमोग्लोबिन सोबत तपासावे.

पुन्हा तपासणी तीन महिन्यांनी. रक्तातील तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, त्याआधी एचबीए१सी काढण्यात पैसा जातो. लॅब तीच ठेवावी. इन्सुलिन मोजण्याची यंत्रे कंपनीकंपनीप्रमाणे वेगळी, सांगलीचा आकडा मिरजेच्या आकड्याशी ताडून काही सिद्ध होत नाही.

खर्चाचे म्हणाल तर सत्तर तपासण्यांच्या पॅकेजची जाहिरात बघून भुलू नये. उपाशीपोटीची साखर, इन्सुलिन, एचबीए१सी, हिमोग्लोबिन आणि चरबीचा तक्ता एवढे पुरे. चरबीच्या तक्त्यातून आणखी एक स्वस्त अंदाज मिळतो. ट्रायग्लिसराइडला एचडीएलने भागा. २१० भागिले ३५ म्हणजे ६, हे वाईट. तीनच्या वर गेले की शंका घ्यावी. पिष्ट कमी केल्यावर हा आकडा सहसा लवकर सुधारतो, पण काहींचे एलडीएल चढते, म्हणून तोही रकाना बघावा. ज्यांना नुसती साखरच बघायची आहे त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्र विसरू नये. तिशीच्या पुढच्यांची साखर आणि रक्तदाब तिथे फुकट बघतात.

आता जिवाशी गाठ असलेली गोष्ट. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना आपल्या मनाने भाकरी तोडू नये. ग्लिमेपिराइडसारखी गोळी साखर खाली ओढतच राहते, आणि पोटात भाकरी नसेल तर माणूस उसाच्या फडात चक्कर येऊन पडतो. डापाग्लिफ्लोझिनच्या जातीच्या गोळ्यांचा धोका वेगळा. पिष्ट फार कमी केले किंवा कडक उपास धरला तर रक्तात आम्ल साठते, उलट्या होतात, धाप लागते, आणि त्या वेळी यंत्रावर साखर फारशी वाढलेली दिसत नाही, म्हणून घरच्यांना कळत नाही. असे झाले तर थेट मोठ्या दवाखान्यात न्यावे आणि गोळीचे पाकीट सोबत दाखवावे. गरोदर बाई, मूत्रपिंडाचा रोगी आणि लहानपणापासून इन्सुलिनवर असलेला, यांनी हे पथ्य डॉक्टरांवाचून सुरूच करू नये.

शेवटी कागदाची सही. पॅथॉलॉजीची पदव्युत्तर पदवी असलेल्या डॉक्टरची सही अहवालावर हवी, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा निर्णय आहे. सही कोणाची आहे ते विचारायला लाजू नये, आणि मागच्या तपासणीचा कागद घडी करून का होईना, दर वेळी सोबत न्यावा.