इंग्रजीत ‘पाय ओढला’ तर रागावू नका



“पोटात कावळे ओरडतायत” हे आपण सहज बोलून जातो. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाने याचा शब्दाला शब्द अर्थ लावला, तर तो घाबरून डॉक्टरच बोलवेल! इंग्रजी वाक्प्रचारांपुढे आपलंही तसंच होतं. शब्द ओळखीचे, पण अर्थ लागत नाही.

आपल्या कामातलेच घेऊ. ‘इन द रेड’ म्हणजे लाल रंगात. पूर्वी हिशेबाच्या वहीत तोटा लाल शाईने लिहायचे, म्हणून ‘इन द रेड’ म्हणजे तोट्यात आणि ‘इन द ब्लॅक’ म्हणजे नफ्यात. इथे जरा जपा हं. आपल्याकडे ब्लॅक म्हटलं की काळा बाजार आठवतो. पण तुमचा पापड उद्योग ‘इन द ब्लॅक’ आहे असं कुणी म्हणालं, तर तो आरोप नाही, कौतुक आहे.

सगळ्यात महत्त्वाचा मला वाटतो तो ‘फाइन प्रिंट’. यातला फाइन म्हणजे छान नाही आणि दंडही नाही. कागदावर बारीक अक्षरात छापलेल्या अटींना फाइन प्रिंट म्हणतात. हप्ता चुकला तर काय, विमा कधी मिळणार नाही, हे बहुतेक वेळा तिथेच असतं. “रीड द फाइन प्रिंट” असं कानावर आलं की सही करणारा हात थांबवा आणि आधी अटी समजून घ्या. मायक्रोफायनान्सच्या कर्जाचा करारनामा कर्जदाराला समजेल अशा भाषेत हवा, असं रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांत आहे. तेव्हा मराठीत कागद मागायला लाजू नका.

‘रेड टेप’ सोपा आहे. सरकारी कागद लाल फितीने बांधत, त्यावरून कचेरीतली दिरंगाई. आपली ‘लालफीत’ तीच.

काही वाक्प्रचार मात्र ओळखीचे वाटून फसवतात. आपल्याकडे पाय ओढणे म्हणजे पुढे जाणाऱ्याला मागे खेचणे. इंग्रजीत “आय अॅम पुलिंग युअर लेग” म्हणजे नुसतं “गंमत करतोय गं!” प्रशिक्षणात साहेब हसत हसत असं बोलले, तर भांडायला उठू नका. बोलणाऱ्याचा चेहरा बघा, आधी विषय काय चालला होता ते आठवा. तरी कळलं नाही तर सरळ विचारा, “सर, म्हणजे काय?”

पुढच्या मासिक बैठकीला असा एकेक ऐकलेला वाक्प्रचार वहीत लिहून आणा. मराठी अक्षरात लिहिला तरी चालेल.