बिअरमध्ये मोहफूल आणि इतर शंका

गेल्या अंकातल्या मायक्रोब्रुअरीवरच्या लेखानंतर आलेल्या पत्रांत चंद्रपूर-गडचिरोलीकडची पत्रं सर्वांत जास्त निघाली. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. त्यामुळे या पत्रांत कुतूहल आहे, तसा रागही आहे. काही निवडक पत्रं घेतो.

पुण्यात मुलाकडे गेलो असताना मायक्रोब्रुअरीत गव्हाची बिअर घेतली. गढूळ होती आणि चक्क केळ्याचा वास येत होता. मुलगा म्हणतो, अशीच असते. एसेन्स टाकतात का? (वरोरा)

मुलाचं बरोबर आहे. ती हेफेवायझन, म्हणजे बव्हेरियन पद्धतीची गव्हाची बिअर. केळ्याचा वास आणि त्यामागून येणारा लवंगेचा, हे दोन्ही यीस्टचेच उद्योग. ते यीस्ट जरा उबेत, वीस अंशांच्या वर आंबवलं की केळं वरचढ होतं, थंड ठेवलं की लवंग पुढे येते. गढूळपणा गव्हातल्या प्रथिनांचा आणि न गाळलेल्या यीस्टचा. २००९ मध्ये 'डूलाली'ने पुण्यात राज्यातली पहिली मायक्रोब्रुअरी काढली. तेव्हापासून ही बिअर आपल्याकडे चांगलीच रुळली आहे.

पुढच्या वेळी गेलात तर मोठा ग्लास एकदम मागवू नका. चवीपुरते छोटे ग्लास मिळतात, ते मागा. फिकट, हलक्या बिअरपासून सुरुवात करा आणि काळ्या स्टाउटपर्यंत या. उलट गेलात तर स्टाउटच्या करपटपणापुढे बाकीच्या पाणचट लागतील. आणि कोणती टाकी कधी लागली, हे बिनधास्त विचारा. चांगला ब्रूअर या प्रश्नाने खूश होतो. टाकीतली बिअर बहुधा पाश्चराइज केलेली नसते, म्हणून तिचं आयुष्य थोडं. बाटलीतली महिनोन् महिने टिकावी म्हणून तापवलेली असते, पण तिलाही ऊन सोसत नाही. मे महिन्यात तुमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो. त्या दिवसांत दुकानामागच्या पत्र्याच्या खोलीत पडून राहिलेल्या बाटलीला ओल्या पुठ्ठ्याची चव येते. ती आली तर बाटलीवरची तारीख बघा आणि दुकानदाराला दाखवा.

आमच्याकडे मोहफूल पोत्यांनी आहे. गोव्याची फेणी जगभर गेली, मग मोहाची बिअर का नाही? घरी करून बघू का? (ब्रह्मपुरी)

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. घरी नाही. परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा राज्यात गुन्हा आहे. चंद्रपूरची बंदी उठली म्हणून तो गुन्हा संपलेला नाही.

आता मोहाचं. बिअरचा आधार धान्य. जवात साखर नसते, पिष्ट असतं. म्हणून जव भिजवून, मोड आणून, वाळवून त्याचं माल्ट करायचं आणि पासष्ट अंशांच्या आसपासच्या पाण्यात भिजत ठेवून पिष्टाची साखर करून घ्यायची. मोहाला यातलं काहीच लागत नाही. सुकलेल्या फुलात निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त साखरच असते, तीही यीस्टला सरळ खाता येईल अशी. म्हणून तर पाण्यात भिजवलेल्या मोहाचा सडवा उन्हाळ्यात झटपट फसफसतो. पण बिअरच्या दृष्टीने हीच अडचण आहे. ही सगळी साखर यीस्ट फस्त करतं, मागे काही उरत नाही. बिअर कडक होते आणि तोंडात पातळ लागते. माल्टमधली काही साखर यीस्टला पचत नाही, तिनेच बिअरला अंग येतं. त्यामुळे मी तरी मोहफूल धान्याच्या दहाव्या हिश्श्यापुढे जाऊ देणार नाही.

दुसरी अडचण वासाची. सुक्या मोहाला बेदाण्याचा, थोडा वाळल्या गवताचा आणि खाली एक उग्र, रानटी वास असतो. फुलं वॉर्टबरोबर, म्हणजे माल्टच्या गोड पाण्याबरोबर, तासभर उकळली तर यातलं चांगलं उडून जातं आणि उग्र तेवढं राहतं. उकळी संपता संपता टाकावीत, किंवा आंबणं उरकत आल्यावर. पण मग स्वच्छता हवी. फूल पहाटे गळतं आणि जमिनीवरून वेचलं जातं. वेचणं सोपं जावं म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळायची पद्धत आहे, त्यामुळे राख, माती, अर्धवट जळकी पानं फुलांबरोबर येतात. (या आगी पसरून जंगल पेटतं, हे वेगळंच दुखणं.) झाडाखाली जाळी किंवा जुनं लुगडं बांधून झेललेली फुलं ब्रुअरीने दोन पैसे जास्त देऊन घ्यावीत. गोड वासाचं, तांबूस आणि हाताला किंचित चिकट लागणारं फूल चांगलं. काळं पडलेलं, आंबूस आलेलं नको.

फेणीचं म्हणाल, तर काजूफेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यामागे पिढ्यान् पिढ्या उघडपणे चाललेल्या भट्ट्या होत्या. मोहाचं उलट झालं. मुंबई इलाख्यात १८९२ मध्येच मोहफुलांवर कायदा आला आणि फूल जवळ बाळगणं हाच संशय ठरला. महाराष्ट्राने फुलं गोळा करण्या-साठवण्यावरची बंधनं सैल केली ती २०२१ मध्ये. पुढच्याच वर्षी मंत्रिमंडळाने मोहाच्या मद्याला 'देशी'तून काढून 'विदेशी'चा दर्जा दिला. झाड गडचिरोलीतल्या कोरचीचं आणि मद्य विदेशी, हे फक्त आपल्या अबकारी खात्यालाच सुचावं. मध्य प्रदेशाने अलीराजपूर, दिंडोरीत आदिवासी बचतगटांना मोहाचं मद्य 'हेरिटेज' म्हणून गाळायला दिलं, ती वाट मला जास्त बरी वाटते. नाहीतर फूल वेचणाऱ्या बाईला किलोमागे मोजके रुपये आणि पुण्यातल्या ग्लासाला चारशे, एवढंच होईल. धानोऱ्याजवळच्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले. तेव्हापासून गौण वनोपज ग्रामसभेची मालमत्ता आहे, हे आता जंगलभर माहीत आहे. कुणा ब्रुअरीला मोह हवा असेल तर तिने ग्रामसभेकडून, पावती घेऊन घ्यावा.

ताडोब्याजवळ आमचं होमस्टे आहे. पाहुणे 'लोकल' मोहाची मागतात. पहिल्या धारेची गावातून आणून दिली तर चालेल? (मोहर्ली परिसर)

चालणार नाही. ती हातभट्टीची आणि बेकायदा आहे. शिवाय आत काय आहे, याची हमी कुणी देऊ शकत नाही. नुसत्या मोहाने लोक आंधळे होत नाहीत. मरण येतं ते बाहेरून मिसळलेल्या औद्योगिक मिथेनॉलने. मुंबईतल्या मालवणीत २०१५ मध्ये शंभराहून जास्त माणसं गेली ती त्यानेच. बाटली डोळ्यांनी बघून यातलं काही कळत नाही, वासानेही नाही.

पाहुण्यांना मोहाचं सरबत द्या, मोहाच्या पाकातले लाडू द्या, मार्च-एप्रिलमध्ये अंगणात वाळत घातलेली फुलं दाखवा. फक्त पहाटे वेचणाऱ्या बायकांच्या मागे कॅमेरे घेऊन पाठवू नका. त्या वेळी खाली वाकलेल्या माणसाला वाघाचा धोका असतो, अस्वलंही मोहावर येतात. वेचणाऱ्या बायकांचं लक्ष तुमच्या पाहुण्यांकडे जायला नको.

२०१० च्या डिसेंबरात आम्ही बाया चिमूरहून नागपूरला चालत गेलो, ते दारू बंद व्हावी म्हणून. तुम्ही बिअरची तारीफ लिहिता. लाज वाटत नाही? (मूल)

ताई, तुमचं पत्र मी संपादकांना छापायला सांगितलं, टाळायला नाही. तुमच्या त्या पदयात्रेमुळे सरकारला समिती नेमावी लागली आणि पुढे बंदी आली. ती उठवताना अवैध विक्री आणि गुन्हेगारी वाढल्याचं कारण दिलं गेलं. कारण खोटं नव्हतं. पण बंदी नीट राबवली नाही याचं खापर बंदी मागणाऱ्या बायकांवर फुटावं, हे मला पटत नाही. गडचिरोलीत २०१६ पासून 'मुक्तिपथ' या दारूमुक्ती अभियानाच्या गावसंघटना सडवे ओतून देताहेत, ते काम कुठल्याही अबकारी धाडीपेक्षा खोल जातं. आणि पाचव्या अनुसूचीतल्या, म्हणजे आदिवासी क्षेत्रातल्या, गावांत १९९६ च्या पेसा कायद्याने मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा अधिकार ग्रामसभेलाच दिला आहे. गावाने नको म्हटलं की माझ्यासारख्या रसिकाचं मत तिथे शून्य.

माझ्या लिहिण्यात एक गोष्ट राहिली होती, ती तुमच्यामुळे लिहितो. आपल्या खेड्यापाड्यांत बिअर म्हणून जी खपते, ती बरीचशी आठ टक्क्यांची स्ट्राँग. ६५० मिलीच्या एका बाटलीत ५२ मिली अल्कोहोल असतं. साठ मिलीच्या व्हिस्कीच्या पेगात साधारण २६. म्हणजे 'बिअरच तर घेतली' म्हणणाऱ्याने दोन मोठे पेग घेतलेले असतात, आणि त्यानंतर तो मोटरसायकलला किक मारतो. घरातल्या मुलांना हा हिशेब जरूर सांगा.

पुण्याहून लग्नासाठी वडशाला जाताना चार क्रेट नेले तर? (पुणे)

नेऊ नका. वडसा, म्हणजेच देसाईगंज, दारूबंदीच्या गडचिरोली जिल्ह्यात येतं, पुण्याचा परवाना आणि बिल तिथे कामाचं नाही. वरात अडकेल ती वेगळीच.

भाताची बिअर होते का? आमच्या एचएमटीची केली तर? (नागभीड)

होते. जगात खपणाऱ्या कित्येक हलक्या लागरमध्ये तांदूळ असतोच, जपानी बिअर तर त्याकरताच ओळखल्या जातात. तांदळाला मोड आणून माल्ट करण्याच्या भानगडीत ब्रूअर सहसा पडत नाहीत. तो आधी मऊ शिजवतात आणि जवाच्या माल्टात मिसळतात, मग माल्टमधली एन्झाइम भाताच्या पिष्टाचीही साखर करून देतात. चव साफ, कोरडी, उन्हाळ्याला बरी. पण त्यासाठी एचएमटी वापरू नका. नांदेड फकीर गावच्या दादाजी खोब्रागडेंनी वर्षानुवर्षं लोंब्या निवडून हे वाण काढलं ते त्याच्या बारीक दाण्यासाठी आणि भाताच्या चवीसाठी. बिअरमध्ये दाणा दिसत नाही आणि वास राहत नाही, त्यामुळे महाग तांदूळ घालण्यात अर्थ नाही. गिरणीतली कणी घ्या, काम तेच होतं आणि निम्म्या पैशांत होतं. मात्र बारीक चाळून घ्या, कोंडा राहिला तर त्यातल्या तेलाने बिअरचा फेस बसतो.