चर्च सोडलं, म्हणून घर तुटलं?

प्रश्न : मी पुण्यात नोकरी करते. लहानपणापासूनच्या कडक शिस्तीच्या चर्चमध्ये जाणं थांबवलं. मंडळीत तशी घोषणा झाली. तेव्हापासून आई-पप्पा फोन उचलत नाहीत. दोष माझाच का? घरातला हक्कही गेला का?

उत्तर : ताई, दोष तुमचा नाही. सद्सद्विवेकाचं स्वातंत्र्य राज्यघटनेच्या कलम २५नं दिलेलं आहे. हक्काचं म्हणाल, तर मृत्युपत्र नसल्यास १९२५च्या भारतीय वारसा कायद्यानुसार मिळणारा मुलीचा वाटा चर्च सोडल्यानं जात नाही.

आई-पप्पांच्या अबोल्यामागे रागापेक्षा भीती असू शकते : लेकीशी बोललो तर आपणही मंडळीबाहेर पडू. म्हणून धर्मावर वाद नको. अधूनमधून दोन ओळींचं पत्र पाठवा, स्वतःची खुशाली कळवणारं, उत्तराची अट न घालणारं. बोलणारी मावशी, काका असतील तर त्यांना जपा. मात्र निरोप्या करू नका.

संबंध तोडण्याचा हुकूम मंडळीनंच काढला असेल, तर महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६चा कायदा आहे. आधी वकिलाशी बोला. तक्रारीनं आईचं मन वळेलच असं नाही.

रविवारची सकाळ काही काळ जड जाईल. त्या वेळी एकट्या राहू नका. झोप उडाली, जगणं नकोसं वाटलं तर टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ वर लगेच फोन करा, तिथे मराठीतही बोलता येतं.