आधी कारण, मग तेल

लेकींनो, सुनांनो आणि माझ्या वयाच्या मैत्रिणींनो, केसांबद्दल चार गोष्टी सांगते. माझं माहेर कोरेगाव तालुक्यातलं, सासर मिरजेजवळचं आणि नोकरी परिचारिकेची. दोन्हीकडच्या बायकांचे केस मी विंचरलेत, दवाखान्यात त्यांच्या रक्ताचे नमुनेही घेतलेत. त्यातून एक गोष्ट मनात पक्की झाली: केस का गळतात ते कळल्याशिवाय डोक्याला काहीही चोळू नका. वय झालं की केस जायचेच, म्हणून काही जणी गप्प बसतात. काही जणी बाजारातून दिसेल ते तेल आणतात. दोन्हीत महिने जातात, आणि काही प्रकारांत हा गेलेला वेळ फार महागात पडतो.

गळती ओळखायला शिका

दिवसाला 50 ते 100 केस गळणं हे नेहमीचंच आहे. डोक्यावरचा केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग दोन-तीन महिने विसावतो, पडतो आणि त्याच मुळातून नवा येतो. आठवड्यातून एकदाच न्हाणाऱ्या बाईला त्या दिवशी मोरीच्या जाळीवर जास्त केस दिसणारच. त्याचा धसका घेऊ नका. पाहायचं ते वेगळं आहे. भांग रुंद झालाय का? वेणी पूर्वीपेक्षा बारीक लागते का? कपाळावरची केसांची रेषा मागे सरकली का? कुठे गोल, गुळगुळीत चाई पडली का? दर तीन महिन्यांनी, एकाच जागी, एकाच उजेडात नातवाकडून भांगाचा फोटो काढून घ्या. डॉक्टरांना तो फार उपयोगी पडतो.

मागचे तीन महिने आठवा

मूठमूठ केस अचानक जायला लागले तर गेल्या आठवड्यात काय केलं ते शोधू नका, दोन-तीन महिने मागे जा. डेंगी, चिकुनगुन्या, टायफॉइड, मोठं ऑपरेशन, घरातलं मरण, एकदम घटलेलं वजन, यांचा फटका केसांना उशिरा दिसतो. कोविडनंतर किती तरी घरांत हेच झालं. ही गळती बहुधा सहा महिन्यांत थांबते आणि केस परत येतात. मात्र केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटरच वाढतो, म्हणून वेणी भरायला वर्ष-दीड वर्ष लागतं. या काळात पोटभर खा आणि धीर धरा.

पाळी गेल्यानंतरची विरळता

पाळी थांबली की शरीरातली संप्रेरकं बदलतात. ज्यांच्या घराण्यात विरळ केस आहेत, मग ते आईकडून असोत की वडिलांकडून, त्यांचा भांग माथ्यावर रुंदावत जातो. कपाळाची रेषा बहुधा शाबूत राहते. हे हळूहळू होतं, म्हणून बायका दहा-दहा वर्षं काढतात. यावर नीट अभ्यासलेलं औषध म्हणजे मिनॉक्सिडिल. मुळात ती रक्तदाबाची गोळी. ती घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, तेव्हा तिचा हा उपयोग कळला. बायकांसाठी तिच्या लावायच्या औषधाला अमेरिकेत 1991 मध्ये मान्यता मिळाली.

ते डॉक्टरांना विचारूनच सुरू करा, विशेषतः हृदयाचा आजार किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल तर. औषध केसांना लावायचं नसतं, कोरड्या टाळूला लावायचं असतं. हात लगेच धुवा, कपाळावर ओघळू देऊ नका, नाही तर तिथे लव वाढते. घरात मांजर असेल तर औषध आणि ते लावलेली उशी तिच्यापासून लांब ठेवा, मांजराला ते विषारी आहे. पहिले काही आठवडे गळती उलट वाढते. तिथेच बऱ्याच जणी बाटली फेकतात. चार ते सहा महिने नेमाने लावा, मग ठरवा. गुण आला तर चालू ठेवावं लागतं. सोडलं की काही महिन्यांत मिळवलेलं जातं. गोळ्यांचे उपायही आहेत, पण ते शेजारणीच्या चिठ्ठीवर घ्यायचे नाहीत.

रक्त तपासा आणि रक्त कुठे जातं तेही शोधा

हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइड, बी-12 आणि ड जीवनसत्त्व, एवढं तपासायला डॉक्टरांना सांगा. हिमोग्लोबिन ठीक असूनही शरीरातला लोहाचा साठा रिकामा असू शकतो. तो फेरिटिनमध्ये कळतो. केसांसाठी बायोटिनची गोळी घेत असाल तर तपासणीआधी ते सांगा, कारण तिच्यामुळे थायरॉइडचा आकडा चुकीचा येऊ शकतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पाळी गेलेल्या बाईचं लोह कमी निघालं तर नुसत्या लोहाच्या गोळ्या घेऊन थांबू नका. पाळी नाही, तर रक्त जातंय कुठे? गुडघेदुखीसाठी वर्षानुवर्षं घेतलेल्या गोळ्यांनी जठरात जखम होऊन थेंबथेंब रक्त जातं. मूळव्याध असते. आतड्याचा कर्करोगही असू शकतो. शौच काळं होत असेल किंवा पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून जात असेल, तर केसांचं नंतर, आधी डॉक्टर.

साताऱ्याचं क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, सांगलीचं वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, कराडचं कृष्णा रुग्णालय, ही सगळी आपल्या एसटीच्या टप्प्यात आहेत. केसांसाठी त्वचारोगाचे डॉक्टर विचारा. जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, कारण रक्तदाबाच्या, फिटच्या, रक्त पातळ करण्याच्या काही गोळ्यांनीही केस गळतात.

ताटात काय आहे ते बघा

आपल्याकडच्या म्हाताऱ्या बाईचं रात्रीचं जेवण म्हणजे बऱ्याचदा चहा आणि बटर. केस प्रथिनांचा बनतो. चहातून तो कसा बनणार? दात नसतील तर घट्ट वरण, दही, उकडलेलं अंडं, मऊ शिजवून घोटलेला कोरेगावचा वाघ्या घेवडा खा. माण-खटावची बाजरी, जावळी-पाटणकडची नाचणी, हळिवाची खीर, पालेभाजी, सगळं घरचंच आहे. पालेभाजीवर लिंबू पिळा, त्याने लोह अंगी लागतं. जेवणाला चिकटून चहा घेऊ नका, तो लोह अडवतो. तासभर अंतर ठेवा.

आणि जास्त म्हणजे चांगलं, असंही धरू नका. डिसेंबर 2024 आणि जानेवारी 2025 मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत धडधाकट माणसांना काही दिवसांत टक्कल पडलं. आधी पाण्यावर संशय गेला. मग महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तपास करून रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियमकडे बोट दाखवलं. हेच सेलेनियम केसांच्या कितीतरी गोळ्यांत असतं. जीवनसत्त्व अ अति झालं तरी केस गळतात. कमतरता निघाल्याशिवाय गोळी नको.

टाळूला छळू नका

खोबरेल तेल जरूर लावा, त्याने केस धुताना कमी झिजतात आणि तुटत नाहीत. पण कोणत्याही तेलाने नवं मूळ फुटत नाही. घट्ट बुचडा, जड गंगावन आणि करकचून ओढलेली वेणी यांनी कानशिलांवरचे केस कायमचे जाऊ शकतात. अंबाडा सैल बांधा. काळ्या मेंदीत रासायनिक रंग मिसळलेला असतो. खाज किंवा सूज आली तर तो पुन्हा लावू नका.

कुणाच्या डोक्यात जट झाली तर ती यल्लम्मा देवीची म्हणून वाढवू नका. जट म्हणजे न विंचरलेल्या केसांचा गुंता. तिच्या वजनाने मान दुखते, मुळं ओढली जातात, आत उवा आणि जखमा होतात. मिरजेत डॉक्टर झालेले साताऱ्याचे नरेंद्र दाभोलकर यांनी 1989 मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली. तिचे कार्यकर्ते बाईला समजावून, तिच्या संमतीने जट काढून देतात. त्यांना बोलवा.

इथे वेळ दवडू नका

चाईवर बिब्बा किंवा लसूण घासू नका, कातडी भाजते. डॉक्टरांकडे त्यावर इंजेक्शन आणि मलम आहे. टाळूची आग होते, टाळू खाजते, लाल होते, केस गेलेली जागा चकचकीत दिसते, भुवया विरळ होतात, कपाळाची रेषा मागे जाते, यातलं काहीही असेल तर त्याच आठवड्यात दाखवा. यातल्या काही प्रकारांत मूळच मरतं आणि गेलेला केस येत नाही. उरलेला मात्र वाचवता येतो.

मिरजेला कर्करोगाच्या केमोथेरपीसाठी येणाऱ्या बायकांना माझं हात जोडून सांगणं आहे: केसांच्या भीतीने उपचार सोडू नका. केमो संपल्यावर काही महिन्यांत केस बहुधा परत फुटतात. तोवर डोक्यावरून पदर घ्या, रुमाल बांधा, टोप वापरा, जे मनाला बरं वाटेल ते करा.

आणि घरातल्या लेकी-सुनांनो, तुमची आई किंवा सासू केसांबद्दल बोलली तर "आता या वयात काय करायचंय?" असं म्हणू नका. केसांच्या निमित्ताने तिचं पांडुरोग, थायरॉइड किंवा त्याहून मोठं दुखणं वेळेवर सापडू शकतं. तिचा भांग उजेडात नीट पाहा, आणि तो रुंद दिसला तर तेलाची बाटली आणण्याआधी तिला तपासणीला घेऊन जा.